व्याही आले वाऱ्याच्या गावाला

मटण किती वाजता वाढायचं यावरून उलकान आपाच्या घरात सकाळपासून धुसफूस चालू होती.

"बाराला," तिची लेक सल्तनत म्हणाली. "बिश्केकची माणसं वेळेवर जेवतात."

"दोनच्या आत शिजायचं नाही," आपा म्हणाली.

"आपा, पहाटे चढवलंय ते चुलीवर!"

"मेंढा म्हातारा आहे."

मेंढा अजून वर्षाचाही झाला नव्हता, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण आपाने तरुणपणी मासळीच्या कारखान्यात मीठ लावणाऱ्या बायकांच्या अख्ख्या पाळीला धाकात ठेवलं होतं. तिच्याशी मेंढ्याच्या वयावरून वाद कोण घालणार? धाकटी सून गुलसाना मुकाट्याने चुलीतली लाकडं मागे ओढू लागली.

सल्तनत मात्र गप्प बसणारी नव्हती. लग्न होऊन बिश्केकला गेल्यापासून ती माहेरी यायची ती स्वतःचं पिण्याचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन. "अगं, दुपारनंतर वारा सुटतो इथे. आजच्या दिवशी तरी ती बाई आपल्या घरात असताना उलान सुटायला नको."

"सुटला तर सुटला. आपल्या गावाचा वारा आहे, त्याला काय गोठ्यात बांधून ठेवायचाय?"

उलान म्हणजे बोओमच्या खिंडीतून सुटणारा आमचा वारा. सकाळी आमच्या बालीकची गावचं तळं कसं शांत असतं; बर्फाचे डोंगर पाण्यात उलटे उभे राहिलेले दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, काय गाव आहे! दुपारी तोच माणूस डोळ्यांतली वाळू काढत बसतो.

आजच्या पाहुण्यांनी सकाळचं गाव बघावं आणि दुपारचं बघू नये, एवढंच सगळ्यांना हवं होतं. कारण साधं होतं. आपाची नात नुरझात आणि बिश्केकचा एर्मेक यांनी लग्न आपलं आपण ठरवून टाकलं होतं. एर्मेक इथल्या नव्या रेल्वेमार्गावर इंजिनिअर आणि आजही कामावरच, नुरझात गावच्या दवाखान्यात दातांची डॉक्टर, आणि लग्नानंतर दोघांना इथेच राहायचं होतं. पण एर्मेक एकुलता एक. त्याच्या आईचा, क्लाराबाईंचा, सल्तनतला आठवड्यापूर्वीच फोन आला होता: आम्ही येतो, गाव बघतो, पसंत पडलं तर ठीक. नाहीतर पोरांनी बिश्केकला राहायचं, ही आमची अट.

"आणि अट घालायची तर चरबी-कलेजीच्या आधी घालावी लागते," सल्तनतने स्वयंपाकघरात सगळ्यांना पुन्हा बजावलं. "एकदा व्याह्यांनी एकमेकांच्या हातून शेपटीची चरबी आणि कलेजी खाल्ली की सोयरीक पक्की. मग कोणी तोंड उघडायचं नाही. तेव्हा गुलसाना, ते ताट बोलणं पुरतं झाल्याशिवाय बाहेर आणू नकोस."

"कधी आणू मग?" गुलसानाने विचारलं. ती नुरझातची आई, तरी तिला दोन नणंदा आणि एक सासू. आयुष्यात काहीही विचारल्याशिवाय करायची तिची हिंमत नव्हती.

"मी हात वर करीन," आपा म्हणाली. "हात वर दिसला की ताट घेऊन निघायचं. मध्ये कोणाकडे बघायचं नाही."

नुरझात दाराशी बोर्सोकचं, म्हणजे तेलात तळायच्या फुगीर तुकड्यांचं, पीठ मळत होती. सल्तनतने तिला कोपऱ्यात घेतलं.

"पोरी, तू खुळी आहेस का? सासू स्वतः राजधानीत बोलावतेय. तिथं मोठाले दवाखाने. इथं काय करणारेस, वाळूने झिजलेले दात मोजत बसणार?"

"एजे, मला इथंच राहायचंय," नुरझात आत्याला म्हणाली.

"का पण?"

"इथं ज्याच्या तोंडात बघते त्याचं घर मला माहीत असतं. कोण दुखतंय म्हणून ओरडतो आणि कोण नुसताच ओरडतो, तेही. आणि आपा आहे." तिने पिठाचे हात झटकले. "तुला नाही कधी परत यावंसं वाटलं?"

"मला?" सल्तनत बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली. "काडीचंही नाही."

*

तिकडे नुरझातचा बाप तुरात आणि त्याचा थोरला भाऊ कादिर पाहुण्यांना आणायला खिंडीच्या तोंडाशी गेले होते. पुढे आपली गाडी, मागे पाहुण्यांची, असं कादिरने ठरवलं होतं. रस्ताही त्यानेच आखला होता. एके काळी तो तळ्यावरच्या बोटींवर होता. बोटी गेल्या, पण त्याचा कप्तानाचा आवाज गेला नाही.

"मासळीचा कारखाना दिसता कामा नये," तो म्हणाला. "पडकी काच बघून बाई खचेल."

"बरं," तुरात म्हणाला.

"धक्काही नको. गंजलेल्या क्रेन आहेत."

"बरं."

"बाजाराच्या बाजूलाही नको. तिथली सगळी धूळ आज झाडतायत."

"मग उरलं काय, बाइके?" थोरल्या भावाला तो बाइके, म्हणजे दादा, म्हणायचा.

कादिरने विचार केला. "तळ्याकाठचा रस्ता. छान रस्ता आहे. डावीकडे वळ."

तळ्याकाठचा छान रस्ता नळाच्या कामासाठी खणून ठेवला होता. ते वळले. पुढची गल्ली कारखान्याकडे जात होती, म्हणून पुन्हा वळले. नंतर धक्का टाळायला वळले. तुरात निमूट गाडी चालवत होता. रेल्वे कारशेडमध्ये वाघिणी दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि न बोलता काम करायची त्याला सवय होती. त्याच्या मनात मात्र सारखं येत होतं, आपण आपल्याच गावाला चोरासारखे का लपवतोय?

घरासमोर गाड्या थांबल्या तेव्हा क्लाराबाई उतरल्या. उंच, नीटनेटक्या, केस पार्लरमधून नुकतेच बसवून आणलेले. त्यांनी चहूबाजूंना पाहिलं.

"तुमच्या गावात पाण्याच्या टाक्या पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. "तीन तर मीच मोजल्या. तिन्हींवर एकाच बाईचं नाव खडूनं लिहिलंय."

बालीकचीत टाकी एकच आहे. तुरातने मान खाली घातली. त्यांचा नवरा, व्याही सोवेतबेक, गोल आणि प्रसन्न माणूस, खोकल्याचं निमित्त करून हसला.

*

अंगणात कादिरने भाड्याने आणलेला निळा मांडव उभारला होता. त्याला सोनेरी झालर होती आणि त्याच्याखाली बसलं की डोंगर अगदी समोर दिसत. गालिचे अंथरले होते, वर जेवणाचं कापड, दस्तरखान. त्यावर बोर्सोकांचा ढीग, जर्दाळू, तळ्याकाठच्या काटेरी झुडपांवरच्या आंबट फळांचा मुरंबा आणि भाजलेले मासे. आपा मानाच्या जागी बसली, पांढरा रुमाल घट्ट बांधून.

दुपारी दोनला मटण आलं. हाडांची वाटणी कादिरने केली. व्याह्याला मेंढ्याचं डोकं आणि जांबाश, म्हणजे कमरेचं मानाचं हाड, विहिणीला माकडहाड. त्यात काही चूक झाली नाही. चूक झाली ती क्लाराबाईंच्या दातात. त्या डावीकडे चावायला गेल्या, थांबल्या, घास उजवीकडे नेला, पुन्हा थांबल्या. मग हाड हळूच ताटाच्या कडेला ठेवून चहा मागितला. चहा ओतणाऱ्या नुरझातच्या ते लक्षात आलं. पण होणाऱ्या सासूला पहिल्याच भेटीत "तोंड उघडा" म्हणायचं कसं?

"हे गाव एके काळी," कादिरने सुरुवात केली, "या तळ्याचं तोंड होतं! इथून बोटी निघायच्या त्या पार पलीकडच्या टोकाला. धान्य, कोळसा, माणसं! काय ती गर्दी!"

"आणि आता?" क्लाराबाईंनी विचारलं.

"आता तळं मोकळं आहे," कादिर म्हणाला. "पोहायला बरं."

"मला गाव माहीत आहे हो. दर उन्हाळ्यात आम्ही पुढच्या किनाऱ्यांवर सुट्टीला जातो तेव्हा इथे थांबतो. मासे घेतो, स्वच्छतागृहाला जाऊन येतो आणि निघतो. अख्खा देश तेच करतो. इथे कोणी राहत असेल असं मला खरंच कधी वाटलं नव्हतं."

"मासे मात्र अव्वल असतात," सोवेतबेक पुटपुटला.

"तुम्ही थांबा," क्लाराबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"गळ टाकता का तुम्ही?" कादिरने हळूच विचारलं.

"लहानपणी टाकायचो."

"माझ्याकडे होडी आहे. पहाटे पाच वाजता पाणी काचेसारखं असतं."

सोवेतबेकच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती बघून क्लाराबाई समजल्या की एक माणूस हातचा गेला. त्यांनी सल्तनतकडे बघितलं. आठवडाभर फोनवर दोघींचं मेतकूट जमलं होतं.

"सल्तनत, तुम्हीच सांगा. तुम्ही तर शहाण्या, वेळेवर इथून निघालात. या धुळीत, या झाडं नसलेल्या जागी मुलं वाढवायची? काय होईल त्यांचं?"

सल्तनतने सकाळपासून स्वयंपाकघरात याहून वाईट शब्द वापरले होते. ती माझी नणंद असती तर मी तिला तिचा एक एक शब्द मोजून परत केला असता. पण आपल्या माणसाने नाक मुरडणं वेगळं आणि पाहुणीने मुरडणं वेगळं. सल्तनत ताठ झाली.

"काय होईल म्हणजे? आम्ही याच धुळीत वाढलो. मी बिश्केकला अकाउंटंट आहे. दातही सगळे जागेवर आहेत."

क्लाराबाईंचा हात आपसूक डाव्या गालाकडे गेला.

"आणि झाडं आहेत," सल्तनत पुढे म्हणाली. "पॉप्लर आहेत. जरा एका बाजूला कललीत, तेवढंच."

गुलसाना स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपाच्या हाताकडे डोळे लावून बसली होती. चरबी आणि कलेजीचं ताट तयार होतं, वर आंबट दह्याचा रस्सा. आपाचे दोन्ही हात मांडीवर.

*

मग तुरात बोलला. कोणाला अपेक्षा नव्हती. कादिरने तर मासा गिळता गिळता त्याच्याकडे बघितलं.

"विहीणबाई, सकाळी आम्ही तुम्हाला एकाच टाकीभोवती फिरवलं. माफ करा. कारखाना दाखवायचा नव्हता. पण तो आहे. माझी आई तिथे म्हातारी झाली आणि तो बंद पडला. उन्हाळ्यात नळाला पाणी येतं तेव्हा येतं. माझ्या वर्गातली अर्धी पोरं रशियात आहेत. हिवाळ्यात वारा असा असतो की बर्फसुद्धा गावात टिकत नाही, उडून जातो. हे सगळं खरं आहे."

"तुरात," आपा म्हणाली.

"बोलू दे, आपा. तुम्ही सगळे पुढच्या किनाऱ्यांवर जाता ते हे डोंगर आणि हे पाणी बघायला. आम्हाला ते अंथरुणातून दिसतं. मी रोज सकाळी बघतो आणि अजून कंटाळलो नाही. हेही खरं आहे." त्याने चहाचा वाडगा खाली ठेवला. "पण मी बाप आहे. जन्मभर वाऱ्याला पाठ देऊन चाललो. माझ्या मुलीनेही तसंच चालावं असं मला वाटत नाही. तेव्हा तुमच्या मनात अट असेल, पोरांनी बिश्केकला राहावं अशी, तर माझी हरकत—"

नुरझातच्या हातातली चहाची किटली कलंडली. बाबा? बाबाच?

क्लाराबाई त्याच्याकडे बघत होत्या. सकाळपासून या घरात त्यांना पहिल्यांदाच कोणी खरं सांगितलं होतं. घरून त्या अट पाठ करून आल्या होत्या. ती जिभेच्या टोकावर होती. दर सुट्टीला घरी येणाऱ्या एर्मेकला संध्याकाळी जेवायला समोर बसलेलं बघायची त्यांना सवय होती. तो कायमचा इकडे आला की जेवणाच्या टेबलाशी त्या आणि सोवेतबेक, आणि सोवेतबेक तर बोलायचाच नाही. त्यांनी तोंड उघडलं.

आणि त्याच वेळी उलान आला.

आधी पॉप्लर वाकली. मग शेजारच्या अंगणातलं पत्र्याचं घमेलं रस्त्यावरून खणखणत गेलं. मग कादिरच्या निळ्या मांडवाने मोठा श्वास घेतला, सोनेरी झालर आडवी झाली, एक खुंटी उपटली आणि मांडव उडून शेजाऱ्याच्या छपरावर जाऊन बसला. बोर्सोक गालिच्यावर धावू लागले. क्लाराबाईंचे केस एका क्षणात उभे राहिले.

"रुमाल! रुमाल!" ओरडत आपाने हात डोक्याकडे नेला.

हात वर गेला होता. गुलसानाने ताट उचललं आणि निघाली. डोळ्यांत वाळू, समोर काही दिसत नाही, पण कोणाकडे बघायचं नाही असं सांगितलं होतं; म्हणून ती बघत नव्हती.

"अगं, आत्ता नाही!" सल्तनत ओरडली. वाऱ्याने ते शब्द तळ्याकडे नेले.

गुलसाना क्लाराबाईंसमोर गुडघ्यांवर बसली. सासरची रीत होती, आणि रीत तिला कळत होती. तिने चरबीचा आणि कलेजीचा मऊ तुकडा बोटांनी उचलला आणि पुढे केला. क्लाराबाई तोंड उघडून बसल्याच होत्या. तुकडा आत गेला. दुसरा सोवेतबेकच्या तोंडात. मग क्लाराबाईंनी, वाळूतून डोळे बारीक करून, एक तुकडा उचलला आणि आपाला भरवला.

कादिरने आनंदाने आरोळी ठोकली.

"आपा!" सल्तनत पुढे सरकली. "अजून बोलणं झालं नव्हतं!"

"मी काय केलं?" आपा म्हणाली. "मी रुमाल सावरत होते."

"तुरातचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं!"

"त्याची वाक्यं लांबच असतात."

गुलसानाचे डोळे भरले. "मी... हात वर दिसला म्हणून..."

"तू बरोबर केलंस," क्लाराबाई म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी तोंडातला घास गिळला आणि ओठ पुसले. "मऊ होतं. इतका वेळ मला दुसरं काही चावतच नव्हतं."

*

सगळे आत गेले. आतल्या खोलीत नुरझातने होणाऱ्या सासूला खिडकीशी बसवलं आणि बॅटरीच्या उजेडात तोंडात पाहिलं.

"डावीकडची दाढ. कधीपासून दुखतेय?"

"हिवाळ्यापासून," क्लाराबाई जमेल तेवढ्या स्पष्टपणे म्हणाल्या.

"बिश्केकला दाखवली नाही?"

"तिथे वेळ घ्यावी लागते. मग तो डॉक्टर माझ्याकडे न बघता मोबाईलमध्ये बघतो."

नुरझातने बॅटरी विझवली. मग एकदम म्हणाली, "काकू, मला एर्मेकला तुमच्यापासून तोडायचं नाही. खरंच नाही. फक्त इथे..."

"माहीत आहे. तो मला सांगतो. मी ऐकत नव्हते, एवढंच." क्लाराबाईंनी गाल दाबला. "सकाळी दवाखाना किती वाजता उघडतो?"

"नऊला."

"म्हणजे मला रात्री राहावं लागेल."

सोवेतबेकने हे ऐकलं आणि लगेच बाहेर कादिरला शोधायला गेला. पहाटेच्या होडीचं बोलायचं होतं. सल्तनत सगळ्यांवर रागावून पलंगाच्या चादरी बदलायला निघाली, आणि कोणी विचारण्याआधीच म्हणाली की आपणही आज राहणार आहोत, वारा फार आहे, गाडी चालवणं बरं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दाढ काढून आणि बारा चेबाक मासे मिळवून, व्याही निघाले. उलान पुन्हा सुरू झाला होता. निरोपाचा आहेर म्हणून आपाने विहिणीला एक पांढरा रुमाल दिला. रीत आहे तशी. पण हातात न देता तिने तो स्वतःच्या हाताने क्लाराबाईंच्या डोक्याला बांधला, हनुवटीखाली, आणि घट्ट गाठ मारली. मग दुसरी गाठ मारली.

"दोन?" सुजलेल्या गालातून क्लाराबाई म्हणाल्या.

"इथे सगळ्या बायका दोनच मारतात. उलान एक सोडवतो."

क्लाराबाईंनी आपाच्या हनुवटीकडे बघितलं. तिथे दोन गाठी होत्या, कालच्यासारख्याच. वारा दोघींच्या अंगावर आदळत होता, आणि दोघींचे रुमाल जागचे हलत नव्हते.

"म्हणजे रुमालाला हात लावायची वेळच येत नाही," क्लाराबाई म्हणाल्या.

आपाने खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या नुरझातकडे पाहिलं. मग विहिणीकडे पाहिलं.

"नाही येत," ती म्हणाली. "ती पोर माझ्या खोलीत झोपते. ती गेली असती तर मी मेले नसते. पण जगण्याला कंटाळले असते. रागवायचं तर रागवा."

क्लाराबाईंनी गाडीचं दार उघडलं. वाऱ्याने ते पुन्हा लावलं. त्यांनी पुन्हा उघडलं.

"आपा," त्या म्हणाल्या, "तोंड मीही चुकून उघडलं नव्हतं."

आणि त्या आत बसल्या.